फर्डिनंड, मोठ्या चौकोनांत

फ्लॉईड : मॅडम, अक्षरं तुटलीयत.

ज्ञानदा : तुटली नाहीत. चौकोनांची आहेत. जुन्या व्हिडिओ गेममध्ये असायची तशी. फॉन्ट मी बनवलाय.

फ्लॉईड : मुद्दाम?

ज्ञानदा : दोन वर्षं मुद्दाम.

फ्लॉईड : अहो, पप्पांना जाऊन महिना झाला, रविवारी चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा, प्रार्थना आहे. बॅनरवर 'फर्डिनंड' वाचून लोकांना वाटेल, पप्पांचे अजून दोन चान्स बाकी आहेत.

ज्ञानदा : तुमच्या फोटोमुळे केलं. पप्पा लग्नाच्या ग्रुप फोटोत शेवटच्या रांगेत, तेही आइस्क्रीमवाल्याच्या मागे. मोठे केले की चौकोनच उरतात. वर गुळगुळीत अक्षरं टाकली तर फोटो खराब वाटतो. अक्षरंही चौकोनी केली की डिझाइन वाटतं.

फ्लॉईड : आधी कुठे वापरलाय हा?

ज्ञानदा : मनवेलपाड्यात, एका दादांच्या वाढदिवसाला. कार्यकर्त्यांना वाटलं मशीन बिघडली. मशीनला मारून गेले.

फ्लॉईड : आणि तुम्हाला?

ज्ञानदा : मला समज दिली. दुसरा फोटो नाहीच का?

फ्लॉईड : काकांनी स्टुडिओत जाऊन मस्त फोटो काढला आणि आठवड्यात गेले. तेव्हापासून पप्पा कॅमेरा दिसला की केळीच्या बागेत पळायचे. चांगला फोटो निघाला की माणूस निघतो म्हणायचे.

ज्ञानदा : आधार कार्ड?

फ्लॉईड : त्यावर पप्पा आहेत असं सरकार म्हणतं. आम्ही घरी मानत नाही.

ज्ञानदा : एआयने साफ करून बघितला. हा घ्या.

फ्लॉईड : हा कोण?

ज्ञानदा : माहीत नाही. पण स्पष्ट आहे.

फ्लॉईड : याला सगळे दात आहेत! नको हो. आईला चर्चमध्ये त्यांचा चेहरा समोर हवाय. रोज विचारते, झाला का फोटो.

ज्ञानदा : मग मी अक्षरासारखाच काढते. एकेक चौकोन भरत. तुम्ही सांगत जा. कपाळ?

फ्लॉईड : होतं.

ज्ञानदा : नाक?

फ्लॉईड : मधोमध.

ज्ञानदा : मिशी?

फ्लॉईड : होती. म्हणजे... थांबा. नंतर काढली होती का?

ज्ञानदा : डोळे? बारीक की मोठे?

(फ्लॉईड दोन्ही हातांनी हवेत एक चेहरा धरून बघतो. हात खाली घेतो.)

फ्लॉईड : रोज समोर बसून जेवायचो, मॅडम.

ज्ञानदा : बघत नव्हता?

फ्लॉईड : टीव्ही बघायचो. दोघंही.

ज्ञानदा : आईंना विचारू या.

फ्लॉईड : सकाळीच विचारलं. म्हणाली, अगदी तुझ्यासारखे होते. मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, नाही रे.

ज्ञानदा : मग फोटोच्या जागी काय टाकू?

फ्लॉईड : नावच टाका. याच अक्षरांत असू दे.

ज्ञानदा : किती मोठं?

फ्लॉईड : चेहऱ्याएवढं.