उताराची जीप

“दात मोजून घेतलं असतं, पर तिला दात कुटं?”

“रंग मातुर लई झ्याक.”

“अंगावर खोडीचा भवरा बी न्हवता.”

पिरंगुटला यष्टीच्या रांगेत उभ्या उरवड्याच्या नथूला वाटलं, पुढच्या दोघांत गायीची बोलणी चाललीत. तो स्वतः बावधनच्या शेटकडून जुनी जीप आणायला निघाला होता. तेवढ्यात पुढची बाई दिराला म्हणाली,

“भावजी, दारात जीप असताना यष्टी कशापायी?”

“सारजावैनी, पुण्याला जायाचं म्हंजी घाट चढायचा. ती चढत न्हाई.”

“घेताना बघितली न्हाई?”

“बघितली की. शेटनं घाटमाथ्यावरनं हितवर पळवून दावली. वाऱ्यावानी आली.”

“उतारावर दगूड बी पळतोय.”

“आता चढाला बैल जुपतो.”

“मग आज जुपायचं.”

“आज बैल नांगराला हायेत.”

“मिस्त्रीला दावली का?”

“तो म्हनला, इंजन बदला. शेट म्हनला, घरात बैल असताना इंजनाचा खर्च कशाला?”

“आन् तुमी मान हलवली.”

“बाजारातल्यागत रुमालाखाली बोटं धरून सौदा केला व्हता, वैनी. मागं कसं फिरायचं?”

“शेट शाना हाय.”

“लई. तसलीच दुसरी हाय त्याच्याकडं, हिरवी. उरवड्याचं कोन गिऱ्हाईक घावलंय म्हनं.”

“त्येनं बी घाटातच बघितली असंल.”

“कुटं का बघंना. बैल हायेत ना त्याच्याकडं, मग काय बिघडतंय?”

यष्टी आली. नथू रांगेतून बाहेर झाला, आणि पुन्हा रांगेत शिरला; रुमालाखाली बोटं त्यानंही धरली होती.

जीपसाठी त्यानं आपली बैलजोडी गेल्याच आठवड्यात बाजारात विकली होती.