पाचवं पुस्तक

थोरल्या नातीचं लग्न झालं त्या वर्षी आजोबा धाकटीचं कार्ड काढायला कॉलेजच्या ग्रंथालयात रांगेत उभे होते. काउंटरमागे ग्रंथपालबाई आपल्या हंगामी मदतनीस ताईंची झाडाझडती घेत होत्या. ताईंची मुदत आज संपत होती.

"सकाळी मी पाच पुस्तकं मुद्दाम भलत्या कपाटांत खोचली. पाचही सापडली, तरच साहेबांना लिहीन, हिला ठेवून घ्या म्हणून."

"चार सापडली, बाई."

"आणि पाचवं?"

"ते तुम्ही खोचलंच नाही. तुमच्या पिशवीत आहे. जेवणाच्या सुट्टीत वाचता ते."

"डोळे आहेत की भिंगं गं तुझी?"

"मीही एक खोचलंय, बाई. दारापासून सुरुवात करा."

"मलाच शिकवतेस?"

"तुमच्याच हाताखाली शिकले ना."

"आण तो कागद, लिहिते. पण जागा सांगायची नाही. माझं मी शोधीन."

"आजोबा, तुमचं काय?" ताईंनी विचारलं.

"माझं राहू द्या. आधी त्यांचं लिहून होऊ दे."

ताई तिथंच राहिल्या. धाकटी पदवीधर झाली त्या उन्हाळ्यात ग्रंथपालबाई वारल्या. आदल्या दिवसापर्यंत त्या ते पुस्तक शोधत होत्या.