फोरमनचं बेट

सौदीतल्या जुबैलला कंपनीच्या बसच्या रांगेत धोंडीरामच्या पुढे कोकणातले दोन वेल्डर उभे होते. त्याला काही कान बंद करता येईनात.

“विश्राम, सुट्टीत गुहागर सोडून स्कॉटलंडला कशाला तडमडलास?”

“आई गेल्यावर गुहागरात कोण आहे माझं? फोरमन म्हणाला, माझ्या बेटावर चल.”

“लांब आहे?”

“विमान, आगगाडी, बोट आणि शेवटी होडी. पोटात काही म्हणून राहिलं नाही.”

“आणि बेटावर काय?”

“मेंढ्या आणि म्हातारी माणसं. होडी लागली की सगळी धक्क्यावर येतात. पोरं बाहेर तेलाच्या कामावर ना!”

“फोरमनची आई भेटली?”

“तिला नीट दिसत नाही. फोरमन सामान उतरवत होता, तिने मलाच मिठी मारली.”

“अरे देवा! मग सांगितलंस ना?”

“सांगितलं. पण लगेच नाही.”