पवनचक्क्यांचं डिझेल

...नाही नाही, हसू नका, तुम्हाला सांगतो, पवनचक्क्यांना डिझेल घालतो मी! भर उत्तर समुद्रात, वारा डोक्यावरची टोपी पळवतोय, आणि माझ्या बोटीत डिझेलच्या टाक्या! का? तर तीस चक्क्या उभ्या केल्या, पण वीज किनाऱ्याला आणणारी केबलच नाही, आणि चक्क्या नुसत्या उभ्या राहिल्या की त्यांचे सांधे धरतात, मग डिझेल जाळून फिरवा! वारा फुकट आहे हो!

बरं, केबलही साधीसुधी नाही. इंजिनिअरबाई नाक वर करून म्हणाल्या, "काका, घरातला एसी करंट एवढ्या लांब पाण्याखालून आणला तर वाटेतच दमतो, आधी त्याचा डीसी करावा लागतो." त्यासाठी समुद्रात सात मजली इमारत! बांधली, रंगवली, वर हेलिकॉप्टरला अंगण केलं... आणि केबल टाकायला गेले तर तळाशी बॉम्ब! दुसरं महायुद्ध संपल्यावर, अडुसष्ट वर्षांपूर्वी बुडवलेले. कोणी बुडवले? आमच्याच गावच्या कोळ्यांनी, युद्ध हरलो म्हणून इथं येऊन बसलेल्या इंग्रज साहेबाच्या हुकमानं. आता ते शोधायला पाणबुडे उतरतात, आणि त्यातला एक माझा ट्यार्क. एकुलता एक पोरगा. वारा फुकट आहे हो!

माझे वडील, हार्म, आज त्र्याऐंशीचे, तेव्हा पंधरा वर्षांचे, बॉम्ब बुडवणाऱ्या त्या बोटींवर होते. जन्मभर एकच पाठ: "लांब, खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या, नेमून दिलेल्या बोयापाशी टाकले!" काल ट्यार्कनं चहाच्या टेबलावर नकाशा पसरला. "आजोबा, बोयापाशी काही नाही. गेल्या महिन्यात भलतीकडेच स्फोट झाला, माझा जोडीदार गेला. खरं सांगा." म्हातारा चहा ढवळत बसला... आमच्यात चहा कोणी ढवळत नाही, तुम्हाला सांगतो, वरची साय न मोडता पितात, तिथंच ओळखलं मी, काहीतरी बिनसलंय!

"खेपेवर पैसे मिळायचे रे," म्हातारा पुटपुटला, "आणि बॉम्ब उशाला घेऊन लांब जायला कोणाची छाती? चर्चचा मनोरा दिसेनासा झाला, की साहेबाला आपण दिसत नाही. ढकला खाली!"

"आणि धुकं असलं तर?" ट्यार्कनं विचारलं.

"मग... बंदराबाहेर पडलं की दिसेनासा."

"धुकं होतं किती दिवस?"

"तो अख्खा हिवाळा."

मी ओरडलोच, "बाबा, अहो पोर उतरतंय तिथं!" तर म्हातारा रडायला लागला हो, हुंदके देऊन. ट्यार्कनंच त्याचा हात धरला. "असू द्या, आजोबा. मग मी सांभाळून राहू कुठं?"

"घरी," म्हातारा म्हणाला.

आता घरी कसा राहणार? आधीच माणूस एक कमी. आज सकाळी सहाला निघाला, दार ओढून घेतोय तर वारा ओढू देईना! म्हटलं, वाऱ्या, तू तरी अडव रे त्याला... आणि समुद्रात नेऊन सोडणार कोण? पाणबुड्यांना नेणारी बोटही माझीच!