पोर जेवली की मग मी

…आणि वर हे मलाच विचारतात, "तुला कुणी सांगितला होता असला नवस?" अहो, नवस काय कुणी सांगून बोलतं का? तो तोंडातून निघून जातो, शिंकेसारखा! आता तुम्ही आलाच आहात तर बसा, त्या खुर्चीवरचे कपडे बाजूला करा, आणि ही दोन ताटं झाकलेली दिसतायत ना, त्यांच्याकडे बघू नका, मीही बघत नाहीये. दुपारचं जेवण आहे. हो हो, दुपारचंच! बाहेर दिवेलागण झाली ते मलाही दिसतंय, डोळे शाबूत आहेत, पोटाचं तेवढं विचारू नका. पण तिकडे परदेशात, त्या कॉलेजात, दुपार आत्ता कुठे होतेय, आणि पोर जेवली की मग मी. देवाला शब्द दिला तो दिला!

तुम्हाला सांगते, नवसाच्या बाबतीत माझा हात पहिल्यापासून सढळ. लेकीच्या दहावीला मी साखर सोडली. बारावीला वांगं सोडलं, आणि वांगं म्हणजे माझा जीव की प्राण! प्रवेश परीक्षेला गादी सोडली, तेव्हापासून माझी कंबर हवामान सांगते. पोरगी आपली एकेक पायरी चढत गेली आणि मी एकेक गोष्ट सोडत गेले. मग परदेशातल्या कॉलेजात नाव लागलं, आणि व्हिसा अडकला. तिच्याबरोबरच्या सगळ्यांचे आले, हिचाच अडकला! पोर दिवसभर फोनकडे बघत बसायची, जेवायची नाही, बोलायची नाही. मी देवासमोर उभी राहिले, हात जोडले, आणि बघते तर काय, सोडायला काही शिल्लकच नाही! मागून हे म्हणतात, पेपरातून डोकंही वर न काढता हो, "आता सोडण्यासारखा मीच एक उरलोय. विचारून बघ, देव घेतो का!"

आता अशा वेळी माणसाला राग येणार की नाही? त्या रागातच तोंडातून निघून गेलं, "देवा, पोरीला जाऊ दे, तिचं पहिलं वर्ष पार पडेपर्यंत ती दुपारची जेवल्याशिवाय मी दुपारचा घास घेणार नाही!"

मला वाटलं, किती स्वस्तात सुटले! घरात असताना तरी कुठे तिच्याआधी जेवत होते मी? पण सूर्य एकाच वेळी दोन्हीकडे डोक्यावर येत नाही, हे शाळेत शिकवलं होतं म्हणे. त्या दिवशी मी बहुतेक उपास म्हणून अर्ध्या सुट्टीतच घरी आले असेन. देवाला काय, त्याला सगळीकडचं एकदम दिसतं, त्यानं आपलं "तथास्तु" म्हटलं आणि मोकळा झाला. व्हिसा आला, पोर गेली, आणि दुसऱ्याच दिवशी इकडे दुपार झाली तेव्हा तिकडे ती दात घासत होती!

तिला मी काही सांगितलं नाही. परक्या मुलखात आधीच नवं सगळं, त्यात आईच्या पोटाचं ओझं कशाला? आपलं सहज विचारल्यासारखं करायचे, "जेवलीस का गं बबडे?" ती म्हणायची, "जेवते गं, किती घाई करतेस!" घाई! दिवे लागले तरी माझी दुपार व्हायची होती आणि म्हणे घाई! शेवटी यांनीच एक दिवस फोन ओढून घेतला आणि सांगून टाकलं, "बाळा, जरा लवकर जेवत जा. तू जेवेपर्यंत तुझी आई काही गिळत नाही, आणि मग मला गिळायला बघते!"

झालं! तिकडून जो भडिमार सुरू झाला! "आई, हा कुठला न्याय? माझी लॅब असते, लेक्चर असतं, ग्रंथालयात कामाला जावं लागतं, आणि मी घड्याळ बघत बसू, तुला भूक लागली असेल म्हणून? मोड तो नवस!" मी म्हटलं, "अगं, नवस म्हणजे काय नारळ आहे, मोडायला आणि वाटायला? तू माझी काळजी करू नकोस. तू फक्त जेव." कारण पोर जेवली की मग मी. देवाला शब्द दिला तो दिला!

बरं, त्यानंतर मात्र गाडी रुळावर आली हो. रोज वेळेवर निरोप, "जेवले." मी देवाला म्हटलं, बघ, कशी शिस्त लागली पोरीला! आणि गोष्टी काय एकेक सांगायची! तिकडच्या सरांना म्हणे नुसत्या नावानं हाक मारायची, ना सर ना काही. ही पहिल्यांदा मारायला गेली तर घशातून आवाजच फुटेना, शेवटी खोकली, आणि सरांनी पाणी आणून दिलं! तळघरात कपडे धुवायचं यंत्र सगळ्यांना मिळून, आपण न्यायला जरा उशीर केला की दुसरा कुणीतरी आपले ओले कपडे काढून टोपलीत ठेवतो. म्हणजे परक्या माणसानं आपल्या परकराला हात लावायचा! पण पुढे पुढे गोष्टी कमी झाल्या. "काय विशेष?" "काही नाही." "मैत्रिणी?" "आहेत की." आणि मग ते पातेलं निघालं.

झालं काय, एकदा व्हिडिओ लावला होता. खोली एवढीशी, पलंगावरून उतरलं की टेबल, टेबलावरून उठलं की दार. मी विचारलं, "आज काय केलंस?" "भात-भाजी." "भात कशात केलास?" "तू दिलेल्या पातेल्यात गं!" आणि मोठ्या ऐटीत पातेलं कपाटातून काढून तिनं मला दाखवलं, असं गोल फिरवून, उलटं करून. आणि बुडाला काय? दुकानाचं लेबल! कोरं करकरीत, एक कोपरासुद्धा उचकटलेला नाही! आता तुम्हीच सांगा, कागदाच्या लेबलावर भात शिजतो का? आणि तिच्या "जेवले"वर विसंबून मी इकडे रोज चांगली पोटभर जेवत होते!

मी नुसतं म्हटलं, "बबडे, बूड बघ." तिनं बूड बघितलं. आणि पोर जी रडायला लागली…

मग सगळं बाहेर आलं. त्यांच्या मजल्यावर सगळ्यांना मिळून एक स्वयंपाकघर. चार शेगड्या, त्यातली एक बंद. फ्रीजमध्ये ज्याचा त्याचा कप्पा. निघताना मी हिला सांगितलं होतं, चार लोकांत गेलं की आधी भांड्यांना हात लावावा, माणसं आपोआप आपली होतात. चुकीचं सांगितलं का? पण आमच्या घरात हिनं कधी चमचा विसळला असेल तर शपथ! "तू अभ्यास कर, ताटावर ये," हेच आयुष्यभर. तर ही गुणाची पोर पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या आधी उठली आणि ओट्यावरची सगळ्यांची भांडी घासून काढली. त्यात समोरच्या खोलीतल्या उंच मुलीचा लोखंडी तवा होता, काळाकुट्ट. हिला वाटलं, अगंबाई, किती घाण! घेतली तारेची घासणी, घेतला साबण, आणि आरशासारखा लख्ख केला! आता हसताय काय? तो तवा त्या मुलीच्या आजीचा. वर्षानुवर्षं तेल पिऊन पिऊन मुरलेला, साबण न दाखवलेला! उंच मुलगी आली, तवा हातात घेतला, त्यात स्वतःचं तोंड बघितलं, आणि एक शब्द न बोलता तवा छातीशी धरून खोलीत निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं हो! भांडणाला उत्तर देता येतं, गप्प बसण्याला काय देणार? तेव्हापासून आमची बबडी त्या स्वयंपाकघराचा उंबरा चढलीच नव्हती. खोलीत दार लावून बिस्किटं खायची आणि मला कळवायची, "जेवले."

"आई, मला नाही जमत इथे. मी परत येऊ?"

खरं सांगू? "ये" हा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर येऊन बसला होता. तिची खोली तशीच आहे, चादर रोज झटकते मी. हे मघापासून भिंतीकडे तोंड करून चष्मा पुसत होते, आधीच स्वच्छ असलेला. पण मला वाटलं, आत्ता ही आली ना, तर त्या तव्याला घाबरून आली असं होईल, आणि जन्मभर जिथे जाईल तिथे तो तवा हिच्या आधी पोचलेला असेल. मी म्हटलं, "येण्याचं मग बघू. उपाशीपोटी काही ठरवायचं नाही. आधी जेव. आणि बिस्किट देव धरत नाही, आधीच सांगते! त्या स्वयंपाकघरात जा, चुलीवरचं गरम खा. तोवर मी इथे बसलेय." "आई, ती तिथेच असेल आत्ता!" "असू दे. मला घेऊन जा."

निघाली बाई! फोन हातात तसाच, त्यामुळे मला वाटभर फरशी आणि तिच्या सपाता दिसत होत्या. दारात थांबली. आत उंच मुलगी पाठमोरी काहीतरी चिरत होती. ही कुजबुजते, "काय बोलू?" मी म्हटलं, "सांग, आई उपाशी आहे म्हणून. त्याच्यापुढे काय ते देव बघेल." तिनं तिकडच्या भाषेत सांगितलं असावं, कारण ती मुलगी वळली, आधी हिच्याकडे बघितलं, मग फोनमध्ये माझ्याकडे. आता मला काय करावं कळेना, मी हात जोडले. तर तिनंही जोडले, सुरीसकट!

मग ती जी बोलायला लागली! बबडी मला सांगतेय, डोळे पुसतेय, परत ऐकतेय. "आई, ती म्हणते तिची आजी अशीच होती, कुणी एक जेवायचं राहिलं तर ताटाला हात लावायची नाही. आजी गेली गं तिची. म्हणून तवा बघून तिला रडू आलं. रागावली नव्हती ती. ती म्हणते, तूच यायची बंद झालीस, मला वाटलं तुला आमच्यात बसायचं नाही!" बघा! दोघी आपापल्या खोलीत दार लावून, आणि मधे एक तवा!

मग तो तवा पुन्हा मुरवायला घेतला. मी म्हणते, अर्धा कांदा तेलात बुडवून घास. ती म्हणते, छे, आजी मीठ भाजायची. मी म्हणते, मीठ मागाहून. ती मान हलवते, अशी ठाम! मधे बबडी दुभाष्या, घामाघूम झालेली. शेवटी कांदाही झाला, मीठही झालं, धूर झाला, खिडक्या उघडल्या. पहिलं जे काही त्यावर घातलं ते असं चिकटलं की दोघींनी उलथन्यानं खरवडून खरवडून खाल्लं, हसत. पोर जेवली. मग मी जेवले. भात पार दगड झाला होता, पण तुम्हाला सांगते, इतका गोड लागला…

परत येण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. पातेल्याचं लेबल जळून गेलं. आणि माझा नवस पूर्ण मजल्याला कळला! उंच मुलगी हिला ग्रंथालयातून ओढून आणायची, "चल, आई उपाशी आहे!" एकदा सरांचा तास लांबला तर बबडीनं भर वर्गात हात वर करून सांगितलं की आपली आई तिकडे ताट झाकून बसलीय. सरांनी म्हणे संगणक मिटला. "मग आधी जेवून या!" आता ते सर भेटले की आधी विचारतात, आई जेवल्या का? माझं नाव त्या कॉलेजात माझ्या लेकीपेक्षा जास्त झालं!

आणि मागच्या आठवड्यात लेकीचं वर्ष पार पडलं. पास झाली हो! देवाला पेढे ठेवले आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गरम वाफाळतं ताट पुढ्यात घेऊन बसले. घास उचलला, आणि फोन! तिकडे नुकतं उजाडलेलं. उंच मुलगी, केस पिंजारलेले, आणि चक्क मराठीत, "आई! थांबा!" मागून बबडी जांभई देत म्हणते, "आई, हिची शेवटची परीक्षा आलीय, घाबरलीय फार. ती म्हणते, माझी आजी थांबली असती तसं… म्हणजे तिची आजी गं… कुणीतरी माझ्यासाठी थांबेल का, विचार."

आता काय म्हणणार? मी यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता पेपरमागून काहीतरी येणार. तर यांनी स्वतःच्या ताटावर झाकण ठेवलं! म्हटलं, "अहो, तुम्ही तरी जेवा!" तर म्हणतात, "वर्षभर एकट्यानं जेवून कंटाळलोय. थांबतो मीही. आणि तिला सांग, नीट लिही म्हणावं!" आणि हेच गृहस्थ आज दुपारपासून मला विचारतायत, असला नवस कुणी सांगितला होता म्हणून! पण आता त्या उंच मुलीची परीक्षा होईपर्यंत सुटका नाही. पोर जेवली की मग मी, मग हे. देवाला शब्द दिला तो दिला!

थांबा थांबा, फोन वाजला! तिचाच, उंच मुलीचा! अहो, झाकणं काढा, जेवली वाटतं पोर! हं, बोल गं राणी… हो… हो…

ठेवा. ठेवा परत झाकणं. विचारतेय, "आई, आज जेवायला काय करू?"