मोठी रायपूरले, धाकटी नागपूरले

मी मूळची काटोलची, बाप शाळेत शिपाई, आम्ही बहिणीच बहिणी, त्यात मी मधली, म्हणून माझं कोणाले फारसं कौतुक नाही अन् फारसा तरास बी नाही. लग्न होऊन रायपूरले निघाली तवा मले वाटलं नागपूरच्या पुढं दोन-चार टेशनं असन, तं गाडी चालूनच राहिली, चालूनच राहिली, गोंदिया गेलं, डोंगरगड गेलं, दुर्ग गेलं, अन् डब्यातले लोक भलतीच बोली बोलू लागले. मी आमच्या ह्यांना विचारलं अजून किती दूर, तं हे म्हणे आलंच. तेव्हापासून ह्यांचं ते आलंच मले चांगलं माहीत आहे.

तात्यापारा म्हणून मोहल्ला, तिथी घर होतं, खाली भाड्यानं दिलेलं दुकान, वरतं आम्ही राहाचो. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, अन् दूधवालीशी छत्तीसगढी, असं सारं मिसळून गेलं, आता माझीच बोली पाहा ना, काटोलचे लोक हसतात, म्हणतात शालू तू काय बोलून राहिली. मले त्याचं काही वाटत नाही. जिथी पोट भरते तिथली बोली तोंडात येतेच.

मंग माझ्या मागून रजनी आली, अमरावतीची, माझ्या धाकट्या दिराची बायको. दिराले आम्ही वसंत भाऊजी म्हणतो. रजनी म्हणजे काय सांगू तुम्हाले, हसायले लागली की भाकरी करपेपर्यंत हसे, अन् सासूबाई बाहेरून म्हणत, काय जळून राहिलं, तं ही म्हणे काही नाही, ताईचं नशीब. आम्ही जावा होतो पण बहिणीहून जास्त होतो, अन् हे मी उगीच नाही म्हणत, बहिणी मले बऱ्याच आहेत.

आमच्याकडे भादव्यात महालक्ष्म्या बसतात. तुम्हाले माहीतच असन, मोठी अन् धाकटी, दोघी बहिणी, माहेराले येतात, जेवतात, जातात. आमच्याकडचे मुखवटे पितळेचे, सासऱ्यांच्या आज्यानं नागपूरकडून आणलेले. मोठीचा चेहरा थोडा गंभीर, धाकटीच्या ओठात हसू. सासूबाई दोघींना चिंचेनं घासायच्या, मंग मोठीले मी साडी नेसवायची अन् धाकटीले रजनी, कारण आम्ही बी मोठी-धाकटीच. सोळा भाज्या, पुरण, आंबील, त्या आंबिलीवरून तं दरवर्षी भांडण, रजनीची पातळ व्हायची.

मंग छत्तीसगढचं नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, अन् ज्या गल्लीत कोणी सायकल ठेवायले तयार नव्हतं तिथी लोक जागा विचारत येऊ लागले. सासूबाई तवा नुकत्याच गेल्या होत्या. वसंत भाऊजींना नागपूरले नोकरी लागली होती, ते म्हणे आपला हिस्सा विकून टाकू. आमचे हे म्हणे बापाची जागा विकत नसतात. आता खरं सांगू का, दोघंही आपल्या जागी बरोबर होते, पण बरोबर असलेले दोन भाऊ लय वाईट भांडतात. शेवटी खालचं त्याईले, वरचं आम्हाले, असं ठरलं, अन् भांड्यांची वाटणी सुरू झाली. गंज इकडे, पराती तिकडे, एक पितळी डबा इकडे, एक तिकडे. सारं झालं अन् मुखवट्यांची पेटी राहिली. वसंत भाऊजी रागानं म्हणे देव बी वाटून घे ना मंग. अन् आमच्या ह्यांनी पेटी उघडली, मोठी आपल्या बाजूले ठेवली, धाकटी त्याईच्या बाजूले सरकवली. गंज-पराती वाटता वाटता हात चालून राहिला होता, तो थांबलाच नाही. रजनी रडत होती. मी म्हटलं अहो, तं हे म्हणे तू मधी बोलू नको.

अशी मोठी रायपूरले अन् धाकटी नागपूरले. त्यानंतर बोलणं बंद, लग्नकार्याची पत्रिका बी पोस्टानं यायची अन् जायचं कोणीच नाही. भादवा आला की मी बाजारातून दुसरा मुखवटा आणायची, गोरापान, मोठ्या डोळ्यांचा, लिपस्टिक लावल्यासारखे ओठ, अन् त्याच्या बाजूले आमची पितळेची मोठी. टेशनच्या बाकावर दोन अनोळखी बाया बसतात ना, तशा दिसायच्या दोघी. पूजा व्हायची, जेवणं व्हायची, पण मले मात्र त्या तीन दिवसांत घास गोड लागला नाही. हे बी त्या मोठीकडे पाहायचे अन् लवकर उठून जायचे.

मंग ह्यांचं ऑफिस नव्या रायपूरले गेलं, सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे, पोट्टी लग्न होऊन पुण्याले, घरात मी एकटी. आमच्या पाऱ्यात एक भैया गाड्या चालवते, लोकांना एका दिवसात सिरपूरचे जुने मंदिरं अन् कारागिरांचे गावं दाखवून आणते. तो म्हणे दीदी, महाराष्ट्राच्या बाया लय येऊन राहिल्या, त्याईले मराठी बोलणारी पायजे, तुम्ही चला. मी म्हटलं मले त्या दगडा-विटांमधलं काय समजते. तो म्हणे आम्हाले तरी काय समजत होतं. मंग गेली त्याच्यासोबत, तिथल्या माणसाचं ऐकलं, पाट्या वाचल्या, पुस्तकं वाचले, अन् हळूहळू लागलं तोंडाले वळण. आता हातात माइक आला की मी कोणाची नाही.

त्या दिवशीची गोष्ट सांगते, थंडीचे दिवस होते. नागपूरच्या भिशीतल्या बायांची बस होती. मी चढली, माइक घेतला, नमस्कार म्हटलं, अन् पाहते तं मागच्या खिडकीशी रजनी. केस पांढरे झालेले, चष्मा लागलेला, पण रजनीच. माझं पुढचं सारं उडून गेलं. सिरपूर कोणत्या नदीवर आहे तेही आठवेना, ड्रायव्हरच पुढून म्हणे महानदी दीदी, महानदी. बाया हसल्या. ती हसली नाही, खिडकीबाहेर पाहत राहिली, अन् मांडीवर एक थैली घट्ट धरून बसली होती, वरतं ठेवायले मागतली तं दिली नाही.

मले एकच भेव वाटून राहिलं होतं. ही इथी काही बोलली, सगळ्यांसमोर मागचं उकरलं, तं उरलंसुरलं बी तुटन. अन् नाही बोलली, दिवसभर बसून तशीच निघून गेली, तं ते त्याहून वाईट. मंग ह्यांना घरी जाऊन काय सांगू, की भेटली अन् गेली?

सिरपूरले उतरलो. तिथलं विटांचं मंदिर दाखवलं, सांगतलं की एका राणीनं नवऱ्याच्या आठवणीत बांधलं, विटेवर अशी कोरणी की लाकूड वाटते. बाया फोटो काढून राहिल्या. मंग बौद्ध भिक्षूंचा विहार दाखवला, मधी अंगण अन् चारी बाजूंनी बारक्या खोल्या. एक बाई म्हणे एवढे लोक एका अंगणात कसे राहत असतीन हो, भांडण नसन होत का. सगळ्या हसल्या. मी म्हटलं होतच असन, पण अंगण कोणी वाटून नाही घेतलं, ते अजून तसंच आहे. हे माझ्या तोंडून निघून गेलं, हे काही मी रोज सांगत नाही. रजनीनं मान वर करून पाह्यलं अन् परत खाली घातली.

तिथून त्या उंच पायऱ्यांच्या मंदिराले गेलो, पायऱ्या भूकंपानं लाटांसारख्या वाकड्या झालेल्या. तिचे गुडघे गेलेले असावे, ती खालीच बसली. मी बी खालीच थांबली, बाकीच्यांना ड्रायव्हरसोबत वर पाठवलं. एका चबुतऱ्यावर दोघी, मधी तिची थैली. मी ऊन लय आहे म्हटलं, ती हूं म्हणाली. बस, एवढंच. मले वाटलं झालं, आता एवढ्यावरच जाईन हा दिवस.

जेवण झाडाखाली होतं. वाढणारा पोट्टा माझ्या ताटात वांग्याची भाजी टाकायले गेला, तं रजनी त्याले म्हणे, भैया, इनको बैंगन नहीं चलता. माझ्याकडे पाह्यलं नाही, त्याच्याकडेच पाहून बोलली. लग्न होऊन आली तेव्हापासून मले वांगं चालत नाही, अंगावर पित्त उठते, हे आमच्या ह्यांच्या बी लक्षात राहत नाही. मी ताट बाजूले ठेवलं. पाणी प्याली अन् तशीच उठली.

दुपारी कोसा रेशीम विणणाऱ्यांचं गाव झालं, बायांनी साड्या घेतल्या, अन् मंग शेवटी पितळेचं ओतकाम करणाऱ्याचं घर. तो कारागीर बस्तरकडून येऊन इथी राहते, माझ्या ओळखीचा. तो मातीवर मेणाचे धागे गुंडाळून दाखवते, वरतं माती लेपते, भट्टीत मेण वितळून जाते अन् त्या जागी पितळ ओततात. मंग माती फोडायची. म्हणून एका साच्यातून एकच निघते, दुसरी तशीच्या तशी निघत नाही. हे सारं मी माइकवर सांगून राहिली, अन् रजनी उठली, थैलीतून जुन्या लुगड्याचं बोचकं काढलं, सोडलं, अन् त्याच्यासमोर ठेवलं. आमची धाकटी. तेच ओठातलं हसू.

ती त्याले म्हणे, इसकी बडी बहन बनाना है, भादों के पहले मिल जाए. कारागिरानं उचललं, उलटून पाह्यलं, बोटानं गाल पुसला. मंग त्यानं विचारलं की एकच आणली का, जोडीतली दुसरी बी दाखव, पाहून बनवीन, मनानं कसं बनवू. रजनी म्हणे दुसरी आहे. कुठी आहे, त्यानं विचारलं. ती माझ्याकडे पाहून म्हणे, रायपूरले आहे.

तो हसला. म्हणे, दूसर हवय त मैं काबर बनावँव, दूनो ला एके संग मढ़ा दे ना. म्हणजे दुसरी आहे तं मी काहून बनवू, दोघींना एकत्र बसव ना. त्याच्या लेखी साधी गोष्ट. भिशीतल्या बाया हसल्या. मी अन् रजनी, आम्ही दोघी भट्टीच्या धुरात उभ्या राहून रडलो, अन् धुराचं निमित्त बरं होतं.

संध्याकाळी बस हॉटेलवर आली तं मी तिले म्हटलं, घरी येतं का. ती म्हणे दादांना, म्हणजे आमच्या ह्यांना, विचारून घ्या आधी. म्हटलं त्याईले काय विचारायचं. तोंडानं म्हटलं खरं, पण ऑटोत मी दोनदा फोन काढला अन् परत पर्समधी ठेवला. ह्यांचा स्वभाव मले माहीत. दार उघडून नुसतं आत निघून गेले असते तरी झालं, सारं संपलं असतं.

ह्यांनी दार उघडलं. पाह्यलं. म्हणे, रजनी काय, ये. तिनं पाया पडून थैली उघडली अन् धाकटीले दिवाणावर ठेवलं. हे आत गेले, मले वाटलं झालं. तं देवाच्या कपाटातून मोठीले घेऊन आले, धोतराच्या सोग्यानं पुसत पुसत, अन् धाकटीच्या बाजूले ठेवली. थोडी सरकवली, सासूबाई ठेवायच्या तशी. मंग उभ्याउभ्याच विचारलं, वसंता कसा आहे?

माझा जीव भांड्यात पडला. काय सांगू तुम्हाले, एवढ्या वर्षांचं ओझं एका वाक्यात उतरते, हे मले कोणी सांगतलं असतं तं मी मानलं नसतं. रजनीनं फोन लावला, ह्यांच्या हाती दिला. मंग हे म्हणे, भादव्यात येजो. अन् फोन मले देऊन टाकला.

आता दोघी एक साल इथी बसतात, एक साल नागपूरले. आम्ही चौघं मिळूनच नेतो-आणतो, गाडीत पेटी माझ्या मांडीवर, त्या दोघा भावांना मी हात लावू देत नाही. आंबील रजनीच करते, अजून पातळच होते, अन् आमचे हे वाटीवर वाटी पितात. ते बाजारातले गोरेपान मुखवटे आम्ही हळदीकुंकू लावून महानदीत सोडले, त्या बिचाऱ्यांचा काय गुन्हा.

एक गोष्ट मात्र मले उशिरा कळली. तो गाडीवाला भैया मांगं म्हणे, दीदी, त्या नागपूरवाल्या बाईनं फोनवर विचारलं होतं, मराठी दीदी कोण आहे, नाव काय, अन् तुमचं नाव ऐकून दोनदा तारीख बदलली, कारण त्या दोन्ही दिवशी तुम्ही सुट्टीवर होत्या. मी रजनीले विचारलं, कावं, मुखवटा बनवायले आली होती ना तू. ती भाजी निवडत होती, वर न पाहता म्हणे, "ताई, पितळेचं काम नागपुरात होत नाही का?"

असं आहे आमचं. माझी काही मागणी उरली नाही आता, गुडघे चालतात तोवर सिरपूर दाखवीन, मंग घरी बसीन. तुम्ही एवढं ऐकून घेतलं, सुखी राहा, अन् भादव्यात या जेवायले. यंदा दोघी इथीच आहेत.