स्वप्नातलं लग्न आणि दोन कप चहा

हसू नका, पण आमच्या हिने एका मालिकेपायी चहा सोडला होता. ती पेशवाईतली प्रेमकथा लागते ना रोज साडेसातला, तिच्यातल्या नायिकेचं लग्न सरदाराशी होईपर्यंत चहाला शिवणार नाही, असा नवस ही आमच्या आळीतल्या गणपतीला बोलली. एकोणीस दिवस पाळला, माझ्या वहीत नोंद आहे. शनिवारी लग्न लागलं. हिने टीव्हीवर अक्षता टाकल्या आणि लागोपाठ दोन कप चहा घेतला.

सोमवारी नायिका झोपेतून उठली. लग्न स्वप्नात झालं होतं!

"अहो, माझा नवस मोडला!" हिचा चेहराच उतरला. "आता देव कोपणार."

"मालिकावाल्यांवर कोपेल."

"थट्टा पुरे. चला देवळात."

पुजारी बापूंनी सगळं शांतपणे ऐकलं. "वहिनी, तुम्ही फसून प्यायलात. देव असलं धरून बसत नाही. पण नवस कोणासाठी म्हणालात?"

"सरदारासाठी. दुसरा आहे कोण?"

बापू घुटमळले. "आमच्या हिने नायिकेचं लग्न मालिकेतल्या त्या कारकुनाशी व्हावं म्हणून साखर सोडली आहे."

मी गणपतीकडे बघितलं. त्याने आता कोणाचं ऐकावं, मला काही सुचेना. हिला मात्र लगेच सुचलं. तिथेच हात जोडून म्हणाली, "देवा, तिने साखर सोडली ना? मग मी चहा तर सोडतेच, आजपासून भातही सोडते."